जुन्या होम कॉम्प्युटरचे कपॅसिटर : सरसकट बदलायचे की मोजून?

कळफलक

मंडळी, कपाटात तीन यंत्रं आहेत. सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के, अमिगा १२०० आणि मॅकिंतॉश एसई/३०. ठेवून दिली तेव्हा तिन्ही ठणठणीत होती, पण गेली बरीच वर्षं एकालाही वीज दाखवलेली नाही. आता पुन्हा चालू करायची हौस आलीय, आणि जिथे विचारावं तिथे एकच सल्ला मिळतो : आधी सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज तात्पुरती साठवणारे, आत द्रावण असलेले भाग) बदल, मगच बटणाला हात लाव.

सोल्डरिंग येतं, रेडिओचे किट जोडलेत. मल्टीमीटर आहे, इएसआर मीटर (कपॅसिटरचा अंतर्गत रोध मोजणारा) आणता येईल. ऑसिलोस्कोप नाही. प्रश्न साधा आहे. जे कपॅसिटर बाहेरून नीट दिसतात, तेही वय झालं म्हणून काढायचे का? की चालणाऱ्या यंत्रात उगाच हात घातल्यासारखं होईल?

झाडून_सारे

सगळे बदला. विषय संपला.

जरा खुलासा करतो, नाहीतर लोक अंगावर येतील. इलेक्ट्रोलिटिकच्या आत ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, मध्ये द्रावणात भिजलेला कागद आणि तळाला रबराचं बूच असतं. त्या बुचातून द्रावण थोडं थोडं उडत राहतं. क्षमता घटते, अंतर्गत रोध वाढतो. हे यंत्र बंद असतानाही चालू असतं. तुमची यंत्रं १९८२ ते १९९२ या काळातली. इतकं आयुष्य त्या भागांकडून कुणी अपेक्षिलंच नव्हतं. एकदा झाकण उघडलंच आहे तर दहा सुटे भाग बदलायला जड काय जातं? कपॅसिटर आजही बनतात. त्याच्या शेजारची चिप आता कुणी बनवत नाही.

ओमचानियम

झाडून_सारे, तुमचं अर्धं पटलं. पण दुखत नसताना बत्तीसच्या बत्तीस दात काढून कवळी बसवायची, त्यातला हा प्रकार झाला.

वयाचा हिशोब करू. साध्या इलेक्ट्रोलिटिकवर ८५ अंश सेल्सिअस छापलेलं असतं आणि त्या तापमानाला निर्माता समजा २००० तासांची हमी देतो. तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट, हा या धंद्यातला ठोकताळा. पेटीच्या आत ४५ अंश धरले तर ४० अंशांचा फरक, म्हणजे १६ पट. झाले ३२,००० तास. रोज २ तास यंत्र चाललं तरी चाळीसहून जास्त वर्षं. हा आकडा कुणी वेदवाक्य समजू नये, पण 'तीस वर्षं झाली म्हणजे मेलाच' हे मात्र त्यातून निघत नाही.

माझ्या मते विचारायचं ते वय नाही. कपॅसिटर कोणत्या जातीचा आहे आणि कुठे बसलाय, हे विचारायचं. या तीन यंत्रांपुरतं बोलायचं तर तिघांची उत्तरं तीन वेगळी आहेत.

स्पेक्ट्रम : आडवे, दोन्ही टोकांना पाय असलेले कपॅसिटर. सहसा गळत नाहीत, सुकतात. सगळ्यांत जास्त राबतात ते आतल्या छोट्या डीसी-डीसी कन्व्हर्टरजवळचे. खालच्या १६के मेमरीसाठी ४११६ जातीच्या आठ चिपा आहेत आणि त्यांना +५, +१२ आणि −५ असे तीन व्होल्टेज लागतात. बाहेरचा ॲडॉप्टर फक्त ९ व्होल्ट देतो. त्यातून +५ रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) देतो, +१२ आणि −५ हा कन्व्हर्टर बनवतो. तो लंगडला आणि −५ गेला की ४११६ मरतात. त्यामुळे तिथले कपॅसिटर बदलले तर मी नावं ठेवणार नाही. बाकीचे मोजून ठरवा.

अमिगा १२०० : बोर्डाच्या पृष्ठभागावर चिकटवलेले छोटे ॲल्युमिनियमचे डबे. हे बदलाच, मोजत बसू नका.

एसई/३० : लॉजिक बोर्डावर (म्हणजे मुख्य बोर्डावर) तसेच डबे, शिवाय आत मेन्सचा (घरातल्या २३० व्होल्ट विजेचा) पुरवठा, शिवाय पिक्चर ट्यूब. हे सगळ्यांत आधी उघडा, पण दुरुस्तीला सगळ्यांत शेवटी घ्या.

शंकासुर

जुनं यंत्र जास्त धोक्यात असायला हवं ना? १९८२चा स्पेक्ट्रम निवांत आणि १९९२चा अमिगा गळतोय, हे उलटं कसं?

रसायनी

कारण आतलं द्रावण बदललं.

जुन्या मोठ्या कपॅसिटरांत बहुतेक वेळा ग्लायकॉलमधलं बोरेटसारखं मवाळ द्रावण असायचं. १९८०च्या दशकाच्या शेवटी भाग चिमुकले करायची घाई झाली, आणि कमी रोध मिळावा म्हणून काही निर्मात्यांनी चतुर्थक अमोनियम क्षारांची द्रावणं आणली. कागदावर उत्तम. पण मायनसच्या पायाशी वीजरासायनिक क्रिया होऊन आम्लारी तयार होतं, ते रबराच्या बुचाला पायाजवळ खातं आणि द्रावण बाहेर झिरपतं. त्यात हे डबे बोर्डाला अगदी टेकलेले. झिरपलेलं सगळं थेट पॅडवर (पाय जिथे सोल्डर होतो तो तांब्याचा ठिपका) आणि ट्रॅकवर (बोर्डावरची तांब्याची वाट). उभ्या पायांचा कपॅसिटर निदान थोडा वर असतो.

ओळखायची खूण म्हणजे कपॅसिटरच्या पायाशी सोल्डरची चमक जाऊन ते राखाडी, धुरकट दिसतं. सोल्डरिंगची इस्त्री टेकवली की सडक्या मासळीसारखा वास येतो, तो अमाइनचा. वास आला म्हणजे निदान पक्कं. आणि खिडकी उघडा.

म्हणून १९८८ ते १९९४च्या आसपासची पृष्ठभागावर कपॅसिटर असलेली यंत्रं आधी पाहावीत. अमिगा ६००, १२००, ४०००, सीडी३२, मॅकिंतॉशचे एसई/३०, क्लासिक २, एलसी, शिवाय हातात धरायचा सेगा गेम गिअर. उलट १९८७चा अमिगा ५०० पाहा. त्यात पायवाले कपॅसिटर आहेत आणि बरेचसे आजही बऱ्यापैकी मोजमापात भरतात.

मूषक

+१. अमिगा ६०० आणि १२००मध्ये आवाज बारीक किंवा घोगरा येणं हे पहिलं लक्षण, कारण ऑडिओच्या मार्गातले कपॅसिटर सुरुवातीला जातात. एसई/३०त आवाज जातो, किंवा चालू करताच पडद्यावर आडवे पट्टे येतात आणि पुढे काही होत नाही. पण लक्षण नाही म्हणजे गळत नाही असं मुळीच नाही. भिंग घेऊन पायांपाशी बघा.

आधी_बॅटरी

अहो, कपॅसिटरवर एवढी चर्चा आणि बॅटरीचं नावही नाही?

एसई/३०च्या लॉजिक बोर्डावर ३.६ व्होल्टची अर्ध्या एए आकाराची लिथियम बॅटरी असते. तारीख-वेळ आणि सेटिंग जपायला. ती फुटली तर जे होतं त्यापुढे गळका कपॅसिटर म्हणजे किरकोळ डाग. पूर्ण बोर्ड आणि आतली लोखंडी चौकट गंजून गेलेले फोटो शोधा, भीती बसेल. आजच उघडा आणि काढा. बाकी दुरुस्ती पुढच्या वर्षी केलीत तरी चालेल.

अमिगा १२००मध्ये मूळ बोर्डावर घड्याळाची बॅटरी नसते, त्यामुळे तिथे सुटलात. मात्र कुणी विस्तार कार्ड लावलेलं असेल तर त्यावर बघा. अमिगा ५००चं ए५०१ मेमरी कार्ड, अमिगा २००० आणि ४०००, शिवाय ३८६-४८६च्या मदरबोर्डांवर पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी असते. तिच्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड अल्कधर्मी असतं, म्हणून ते आधी पातळ व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडने मारायचं, मग पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचं.

कळफलक

आधी_बॅटरी, तुमचा प्रतिसाद वाचून उठलो आणि मॅक उघडला. बॅटरी काढली, सुदैवाने कोरडी होती. ट्यूबच्या जवळपास कुठेही हात नेला नाही.

मेन्सला_भिऊन

तो शेवटचा मुद्दा नीट मांडू या. उद्या हा धागा वाचून कुणीतरी पेचकस घेऊन बसेल.

एसई/३०सारख्या अखंड पेटीत ट्यूबच्या ॲनोडवर (उच्चदाबाची तार जोडते ती जागा) दहा हजार व्होल्टच्या वर ताण असतो आणि प्लग काढल्यावरही तो तिथे राहू शकतो. लॉजिक बोर्ड खाली सरकवून बाहेर निघतो. तेवढंच काम असेल तर ॲनोडच्या वाटेला जायची गरज नाही. फक्त ट्यूबच्या मानेला धक्का लावू नका. काच तिथे नाजूक असते, मान तुटली की ट्यूब संपली.

आता स्विचिंग पुरवठा. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय झाल्यावर मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी बसतो. तो पेचकसाने शॉर्ट करून 'फट्' वाजवणारे वीर असतात. असं करू नये. १० किलोओमचा, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी लावा. २२० मायक्रोफॅरडला कालांक (रोध गुणिले क्षमता) २.२ सेकंद येतो, म्हणजे १५-२० सेकंदांत काम होतं. मग मीटर लावून शून्याजवळ आल्याची खात्री करा. खात्री मीटरने करायची, घड्याळाने नाही.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना साधा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये घाला. आत शॉर्ट असेल तर बल्ब भरभरून पेटतो आणि पुरवठा वाचतो. क्षणभर पेटून मंदावला तर पुढे जा.

हे वाचून पोटात गोळा आला असेल तर पुरवठ्याचं काम जाणकाराकडे द्या. त्यात काहीही कमीपणा नाही.

गंजलेला_पाना

मेन्सचा विषय निघालाच आहे तर रिफा कंपनीच्या कपॅसिटरांचं नाव घ्यायलाच हवं. पारदर्शक पिवळट-मधाळ रंगाचे चौकोनी कपॅसिटर, मेन्सच्या दोन तारांमध्ये गोंगाट गाळायला लावलेले. आत धातूचा मुलामा दिलेला कागद, बाहेर रेझिनचं कवच. कवचाला वर्षांनुवर्षांत बारीक भेगा पडतात, हवेतला ओलावा आत शिरतो, आणि मग एके दिवशी चालू केल्यावर काही मिनिटांत खोलीभर धूर. बीबीसी मायक्रोच्या पुरवठ्यात हे ठरलेलंच. ॲपल २ मालिकेच्या पुरवठ्यांतही सापडतात.

गंमत म्हणजे धूर निघाला तरी यंत्र बऱ्याचदा चालूच राहतं, कारण तो फक्त गाळणीचं काम करतो. हे मोजूही नका. भेगा दिसोत न दिसोत, काढा आणि पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा लावा.

पण कोणत्या वर्गाचा होता ते वाचा. दोन मेन्स तारांमधला एक्स वर्गाचा, बहुतेक एक्स२. मेन्स ते अर्थ असेल तर वाय वर्गाचा. वायच्या जागी एक्स कधीच लावायचा नाही. वाय वर्ग शॉर्ट न होता उघडा पडावा अशा बेताने बनवतात, कारण तो शॉर्ट झाला तर यंत्राच्या धातूच्या अंगावर मेन्स येतो.

झाडून_सारे

बघा, फिरून माझ्याच मुद्द्यावर आलात. अमिगाचे बदला, मॅकचे बदला, रिफा न मोजता काढा, स्पेक्ट्रमच्या कन्व्हर्टरचे बदला. उरलं काय? चार कपॅसिटर. तेही बदलून टाका की.

ओमचानियम

त्या चारांसाठीच भांडतोय, कारण काढताना बोर्ड मरतात. दोन थरांच्या जुन्या बोर्डात ग्राउंडचा पाय रुंद तांब्याला जोडलेला असतो, उष्णता तिकडे पळते. माणूस वैतागून ओढतो आणि भोकाच्या आतलं तांब्याचं नळकांडं पायाबरोबर बाहेर येतं. भाग ठीक होता, आता ट्रॅक तुटला.

दुसरं म्हणजे, बिघाड असलेल्या यंत्रात सगळे कपॅसिटर एकदम बदलले आणि तरी ते चालेना, तर मूळ बिघाड कुठला आणि तुम्ही घातलेला कुठला हे कळायला मार्ग नाही. बंद पडलेल्या कमोडोर ६४चं उदाहरण घ्या. त्यात अनेकदा दोषी असतो बाहेरचा पुरवठा. ५ व्होल्टचा रेग्युलेटर बिघडून जास्त व्होल्टेज देतो आणि मेमरी चिपा जाळतो. बोर्डावरचे कपॅसिटर सोन्याचे लावलेत तरी ती चिप परत येत नाही. आधी पुरवठ्याचे व्होल्टेज मोजा, मग पेटी उघडा. ५ व्होल्टची रेघ (ते व्होल्टेज बोर्डभर नेणारी वाट) ४.७५ ते ५.२५च्या आत हवी.

सोल्डरकर

ओमचानियमना दुजोरा, पण एक जोड. गळक्या डब्यांच्या बाबतीत उशीर केला तर पॅड सुटायची शक्यता वाढते, कारण द्रावण पॅडखालचा चिकटपणा खातं. तिथे झाडून_सारे यांचं खरं. जितकं लवकर तितकं सोपं.

काढायच्या पद्धतीवर दरवर्षी महायुद्ध होतं, म्हणून माझं मत आत्ताच टाकतो.

गरम हवा : निरोगी बोर्डावर छान, गळक्या डब्यांवर नको. आतलं द्रावण उकळतं, डबा फुटून उडू शकतो, आणि उकळलेलं द्रावण शेजारच्या चिपांखाली जातं.

पिळून काढणं : डबा पक्कडीत धरायचा, खाली हलका दाब द्यायचा आणि फिरवत राहायचं. पाय तुटतात, डबा सुटतो. ऐकायला रानटी वाटतं, पण अनुभवी लोक हे करतात आणि पॅड शाबूत राहतात. अट एकच, वर ओढायचं नाही. पॅड आधीच सैल झालेलं असेल तर हीच पद्धत ते उखडते, आणि ते बाहेरून कळत नाही. म्हणून नवख्याला मी ही सुचवत नाही.

दोन इस्त्र्या : दोन्ही पायांना एकदम उष्णता, डबा आपोआप उचलला जातो. मला हीच सगळ्यांत पसंत. आधी जुन्या टाक्यावर भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट वाहायला मदत करणारं रसायन) आणि थोडं ताजं शिशाचं सोल्डर द्या. ६३/३७ मिश्रण १८३ अंशांना वितळतं, जुन्या आंबलेल्या टाक्यात मिसळलं की तोही वितळू लागतो. ताजं सोल्डर न देता नुसती इस्त्री दाबून धरली तर तो राखाडी थर वितळतच नाही, आणि माणूस तापमान वाढवत बसतो. तिथेच पॅड जातं.

डबा निघाल्यावर पॅड तांब्याच्या जाळीने साफ करा. जाळी घासायची नाही, ठेवायची आणि उचलायची.

शंकासुर

एवढे कष्ट घेऊन पुन्हा तेच गळके डबे का लावायचे? टँटलम लावा, पॉलिमर लावा, सिरॅमिक लावा. पुढच्या तीस वर्षांची निश्चिंती.

ओमचानियम

प्रत्येकाची खोड वेगळी आहे.

टँटलम : गळत नाही, सुकत नाही. पण व्होल्टेजला हळवा, आणि गेला तर शॉर्ट होऊन, प्रसंगी जाळ काढून जातो. १९८१च्या आयबीएम पीसीच्या बोर्डावर १२ व्होल्टच्या रेघेवर १६ व्होल्टचे टँटलम होते. आज ते यंत्र चालू होत नसेल तर पहिला संशय त्यांच्यावरच जातो. लावायचाच तर रेघेच्या किमान दुप्पट व्होल्टेजचा लावा. आणि मोठ्ठा इशारा : ॲल्युमिनियमच्या डब्यावर काळी पट्टी मायनसला असते, टँटलमच्या चौकोनी भागावर पट्टी प्लसला. सवयीने पट्टीला पट्टी जुळवली की उलटा बसला.

पॉलिमर : आत द्रव नाही, रोध अत्यंत कमी, स्विचिंग पुरवठ्याच्या दुय्यम बाजूला मस्त. पण गळतीप्रवाह द्रवरूप कपॅसिटरपेक्षा जास्त असतो, म्हणून रिसेट किंवा वेळ मोजणाऱ्या सर्किटात विचार करून. शिवाय काही रेग्युलेटरांना स्थिर राहायला बाहेरच्या कपॅसिटरचा थोडा रोध हवाच असतो. तिथे रोध फारच कमी झाला तर रेग्युलेटर डोलायला लागतो. साध्या ७८०५ या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरला ही अडचण नाही.

सिरॅमिक : छापलेली क्षमता आणि प्रत्यक्षातली क्षमता यांत फार अंतर. मोठ्या क्षमतेच्या सिरॅमिकवर डीसी ताण आला की क्षमता घसरते. १६ व्होल्टच्या छोट्या भागाला १२ व्होल्ट दिले तर निम्म्याहून जास्त जाऊ शकते. ऑडिओत तर नकोच.

माझी निवड कंटाळवाणी आहे. नामांकित निर्मात्याचे नवे, १०५ अंशांचे ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक. क्षमता तीच, व्होल्टेज तेवढंच किंवा एक पायरी वर. मूळ भागाची सूट बहुधा अधिक-उणे २० टक्के असते, त्यामुळे आकड्याचा काटेकोरपणा नको. पुरवठ्यात मात्र कमी रोधाची मालिकाच घ्या.

उगाच_विचारतो

बोर्डावर प्लसची खूण छापलेली असतेच की. तीच बघून बसवायचं. उलटा बसेलच कसा?

रसायनी

छापच चुकीची असेल तर बसेल. मॅकिंतॉश एलसी ३च्या बोर्डावर −५ व्होल्टच्या रेघेवरच्या एका कपॅसिटरची खूण उलटी छापली आहे आणि कारखान्यातूनच तो तसा बसून आला. ऋण रेघेवर ग्राउंड हे तुलनेने धन असतं, म्हणजे कपॅसिटरचा प्लस ग्राउंडला हवा. तिथेच घोळ झालाय. जुन्या द्रवरूप कपॅसिटरने ५ व्होल्ट उलटा ताण निमूटपणे सोसला, पण कुणी तिथे छापानुसार टँटलम लावला तर तो सोसणार नाही. अमिगा ४०००च्या ए३६४० प्रोसेसर कार्डाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतही काही कपॅसिटर उलटे बसवलेले आहेत.

म्हणून काढण्याआधी फोटो काढा, आणि फोटोवरही आंधळा विश्वास नको. कोणता पॅड ग्राउंडला जोडलाय ते मीटरच्या बझरने (जोडणी असली की वाजतो तो) तपासा आणि ती रेघ धन आहे की ऋण ते सर्किटच्या नकाशात बघा.

कळफलक

खूप उपयोग झाला. प्रगती कळवतो.

स्पेक्ट्रमपासून सुरुवात केली. ॲडॉप्टरचा प्लग वेगळा मोजला, मधला भाग ऋण आहे हे पाहून घेतलं, मग जोडला. चित्र आलं. ४११६च्या पायांवर मोजलं : १ नंबरला −५, ८ नंबरला १२ला किंचित कमी, ९ नंबरला ५. मीटर एसीवर ठेवून बघितलं तर तिन्हींवर आकडा नगण्य. इएसआर मीटरने बोर्डावरच्या बोर्डावर मोजलं तर सगळे १ ओमच्या आतबाहेर. फक्त कन्व्हर्टरजवळचा एक २२ मायक्रोफॅरडचा बाकीच्यांपेक्षा बराच वर दाखवतो. तेवढा गट बदलावा म्हणतो.

ओमचानियम

उत्तम. दोन सूचना. ४११६वर मोजताना प्रोबच्या टोकाला इन्सुलेशन चढवून जेमतेम मिलिमीटरभर टोक उघडं ठेवा. १२ व्होल्टचा प्रोब घसरून शेजारच्या पायाला लागला तर चिप जागीच जाईल.

दुसरी, बोर्डावर मोजलेला इएसआर 'खराब' म्हणाला तर बहुतेक खरं बोलतो. 'चांगला' म्हणाला तर जरा संशय ठेवा. दोन कपॅसिटर समांतर असतील तर चांगल्याच्या आड वाईट लपतो. आणि सुटा काढून क्षमता मोजलीत आणि ती छापलेल्यापेक्षा खूप जास्त आली, तर खूश होऊ नका. आतून झिरपणारा कपॅसिटर साध्या मीटरला मोठा वाटतो.

एसीवरचं वाचन ढोबळ असतं. साधा मल्टीमीटर मेन्सच्या वारंवारतेच्या आसपासच नीट मोजतो आणि हा कन्व्हर्टर त्याच्या कितीतरी वर चालतो. त्यामुळे नगण्य आकड्यावर फार विसंबू नका. कुणाचा ऑसिलोस्कोप मिळाला तर बघा.

झाडून_सारे

एकच गट? बाकीचे तसेच? रात्री झोप लागेल का तुम्हाला?

कळफलक

लागेल. चाळीस वर्षं ते तिथे झोपलेच आहेत. :)

अमिगाबद्दल मात्र तुमचंच ऐकतोय. भिंगाखाली ऑडिओ भागाजवळ तीन-चार टाके धुरकट दिसतात, म्हणून सगळे डबे जाणार. दोन इस्त्र्यांची सोय केली आहे. आधी एका भंगार मोडेमच्या बोर्डावर हात बसवतो. प्रश्न साफसफाईचा आहे. काढल्यावर नुसतं अल्कोहोलने पुसलं की झालं का? काही जण बोर्ड चक्क भांडी धुण्याच्या यंत्रात घालतात असं वाचलं.

सोल्डरकर

घालतात, आणि बरेचदा बोर्ड जगतातही. मी घालत नाही. डिटर्जंट तांब्याला चांगला नाही आणि चिपांवरचे कागद, स्टिकर सगळं जातं.

कोमट पाणी, मऊ ब्रश, जमलं तर डिस्टिल्ड पाण्याने शेवटचा हात. पाणी लागतं, कारण झिरपलेल्या द्रावणातले क्षार पाण्यात विरघळतात, अल्कोहोलमध्ये तेवढे नाही. नुसत्या अल्कोहोलने पुसलं तर बरंचसं पसरतं. पाण्यानंतर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल ओता, ते उरलेलं पाणी सोबत घेऊन जातं. मग गरम कोरड्या जागी पुरता एक दिवस ठेवा. रुंद चिपांखाली पाणी अडकतं, तिथे हवेचा झोत द्या.

नवे डबे लावायच्या आधी दोन गोष्टी बघा. पॅडपासून निघणारा ट्रॅक पुढच्या भोकापर्यंत बझरने तपासा, कारण हिरव्या रंगाखाली गंजलेला ट्रॅक वरून अखंड दिसतो. आणि जवळची बारीक भोकं, थरांना जोडणारी, तीही तपासा. गळतीत सगळ्यांत आधी तीच तुटतात.

मूषक

आणि लावल्यावर लगेच सगळं जोडू नका. कीबोर्ड, ड्राइव्ह काढून ठेवा. मीटर ओमवर लावून ५ आणि १२च्या रेघा ग्राउंडशी शॉर्ट नाहीत हे बघा, मगच पुरवठा. पहिल्या मिनिटात बोट लावून कोणता डबा गरम होतोय का ते पाहा. गरम झाला तर तो उलटा आहे, ताबडतोब बंद.

उगाच_विचारतो

माझ्याकडे त्याच काळातले, पाकिटबंद, कधीही न वापरलेले कपॅसिटर आहेत. कळफलक यांना देऊ का? अस्सल दिसतील.

रसायनी

दिसतील, पण ते पाकिटातही म्हातारे झालेत. बूच तेवढंच जुनं, आणि वीज न मिळाल्यामुळे पट्टीवरचा ऑक्साइडचा थर पातळ झालेला. थर पुन्हा बसवता येतो. मोठ्या रेझिस्टरमधून व्होल्टेज हळूहळू चढवायचं आणि गळतीप्रवाह खाली येईपर्यंत थांबायचं. व्हॉल्व्हच्या रेडिओतल्या मोठ्या, मिळायला अवघड डब्यांसाठी लोक हे करतात. सुकलेलं द्रावण मात्र त्याने परत येत नाही. २२ मायक्रोफॅरडसाठी एवढी उठाठेव कशाला? संग्रहात ठेवा.

कळफलक

उगाच_विचारतो, आभार, पण नवेच घेतो. यादी करताना एक अडलं. अमिगाच्या मूळ डब्यांचा व्यास आणि नव्याचा व्यास जुळत नाही. नवा एक मिलिमीटरने रुंद आहे. पॅडवर बसेल का?

सोल्डरकर

व्यासापेक्षा पायांमधलं अंतर बघा. ते पॅडच्या आत येत असेल आणि शेजारच्या भागाला डबा टेकत नसेल तर बसेल. उंचीही मोजा. वर धातूचं कवच येतं, त्याखाली जागा राहायला हवी. जुळतच नसेल तर एक पायरी कमी व्होल्टेजचा बघायचा मोह होईल, कारण तो बारीक असतो. मूळ आकड्याच्या खाली उतरू नका, दुसऱ्या निर्मात्याची मालिका शोधा. त्याच क्षमतेचा अरुंद पण थोडा उंच डबा सहसा मिळतो.